वाचून डोळे पांढरे होतील

चष्मेवाल्यांना जाहिरात करायचीच नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा स्वभावच जाहिरातीच्या उलटा. दुकानात माणूस शिरला की बाकीचे दुकानदार त्याच्या गळ्यात काहीतरी मारून पाठवायला बघतात, हे गृहस्थ त्याला खुर्चीत बसवायचे, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर भरपूर वेळ घालवायचे, डाव्या-उजव्या डोळ्यावर काचा पालटून बघायचे आणि शेवटी समाधानाने हात झटकून म्हणायचे, "तुम्हाला चष्मा लागत नाही. या." हे 'या' म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की समोरच्याला आपण एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. दुकानाच्या पाटीखाली त्यांनी हौसेने दुसरी पाटी लावून घेतली होती: 'गरज नसल्यास चष्मा दिला जाणार नाही.' ती रंगवताना रंगाऱ्याने दोनदा विचारलं होतं, की यातलं 'नाही' नक्की ठेवायचं ना?

तर असं हे दुकान रडतखडत का होईना, चाललं होतं. मग समोरच्या फुटपाथवर नवं दुकान उघडलं. त्याचं दार आपोआप उघडायचं, आत गेल्यावर गार पाण्याचा ग्लास हातात यायचा आणि पत्ता विचारायला गेलेला माणूससुद्धा चष्मा घालून बाहेर पडायचा. चष्मेवाले आपल्या काउंटरवर कोपर टेकून ही ये-जा बघत बसायचे. "त्याचा नंबर काय असेल तो असो, पण तो आत गेला तेव्हा त्याला नीट दिसत होतं," असं ते स्वतःशी पुटपुटायचे. ऐकायला दुकानात कुणी नसायचं.

"अहो, दुकान आहे की धर्मशाळा?" बायको विचारायची. ती बँकेत, पैसे देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसायची आणि माणसाला नुसत्या चालण्यावरून ओळखायची. तिची नजर म्हणजे काय सांगावं! सुईत दोरा पहिल्या झटक्यात, लांबून येणाऱ्या बसचा नंबर बाकीच्यांना बस दिसायच्या आत. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडून एकही चष्मा घेतला नव्हता. चष्मेवाल्यांना याचा अभिमान होता आणि थोडं वाईटही वाटायचं. शिंप्याच्या बायकोने कधी साडीशिवाय काही नेसूच नये, तसं.

"असंच चाललं तर वर्षअखेरीस कुलूप लावाल," ती म्हणाली. "आणि मग दिवसभर घरात बसून माझे डोळे तपासाल. ते मला चालणार नाही. जाहिरात करा."

आता जाहिरात म्हटल्यावर इमारतीतल्या अण्णांचा सल्ला आलाच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या निवृत्त गृहस्थांना तोंडावर सगळे अण्णा म्हणायचे आणि पाठ वळली की सल्लागार. नळाच्या वायसरपासून जागतिक मंदीपर्यंत त्यांना सगळं ठाऊक असायचं. इमारतीच्या मोबाइलवरच्या ग्रुपचे ते सर्वेसर्वा. सकाळी दात घासायच्या आधी ते दहा-बारा गोष्टी पुढे पाठवायचे. त्यातली एकही ते स्वतः उघडून बघायचे नाहीत. "उघडायला वेळ कुणाला आहे?" ते म्हणायचे. "तेवढ्यात दुसऱ्या कुणी पाठवलं तर?"

"चष्मेवाले, जमाना मोबाइलचा आहे," अण्णांनी जिन्यात अडवून सांगितलं. "तुम्ही चार ओळी लिहा, मी पाठवतो. माझ्या हातून गेलेली गोष्ट सगळीकडे पोचते."

चष्मेवाल्यांनी दुपारभर खपून चार ओळी लिहिल्या. 'आमचे येथे सर्व प्रकारचे चष्मे योग्य दरात मिळतील. डोळे तपासून मिळतील. आवश्यकता असल्यास भेटावे. नसल्यास भेटू नये.' या जाहिरातीला एकूण तीन अंगठे मिळाले. एक बायकोचा, एक चष्मेवाल्यांचाच, चुकून बोट लागून, आणि तिसरा समोरच्या दुकानदाराचा.

इथे धाकटे मेहुणे अवतरले. हे बायकोचे भाऊ. आतापर्यंत त्यांनी बरेच धंदे केले होते आणि सगळे सोडले होते. हल्ली ते जाहिरातीचं शिबिर करून आले होते आणि नव्या कार्डावर स्वतःला 'उत्सुकता-तज्ज्ञ' म्हणवत होते. त्यांनी चष्मेवाल्यांच्या चार ओळी वाचल्या आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला.

"भाऊजी, यातली सगळ्यात मोठी चूक कुठली सांगू? यात माहिती आहे."

"मग जाहिरातीत काय असतं?"

"माहितीचं कुलूप! माहिती सांगितली की माणूस सुटला. वाचलं, कळलं, गेला. त्याला अर्धवट सांगायचं. त्याच्या मनात एक खड्डा खणायचा आणि वर पाटी लावायची, 'आत काय आहे ते बघून हादराल.' मग बघा, कामधंदा टाकून माणूस वाकतो की नाही. नाही वाकला तर त्याला रात्री झोप लागत नाही. हे शास्त्र आहे, भाऊजी."

"आणि खड्ड्यात काय ठेवायचं?"

"कशात?"

"खड्ड्यात. तो वाकून बघणार ना? मग त्याला आत काय दिसणार?"

मेहुण्यांनी पहिल्यांदाच विचार केला. "ते… ते शिबिरात शेवटच्या दिवशी होतं," ते म्हणाले. "मी दुपारी निघून आलो होतो."

चष्मेवाल्यांनी इथेच पाय मागे घ्यायला हवा होता. पण समोरच्या दुकानात तेवढ्यात एक अख्खं कुटुंब शिरलं, आजीसकट, आणि चष्मेवाल्यांचा धीर सुटला. जाहिरात तयार झाली. तिचा मथळा असा: 'नवा चष्मा लावून बाईंनी आरशात पाहिलं आणि… पुढे जे झालं ते वाचून तुमचे डोळे पांढरे होतील!'

"डोळे पांढरे?" चष्मेवाले दचकले. "अरे, आपलं चष्म्याचं दुकान आहे. हलवायाने 'खाल तर तोंड कडू होईल' अशी पाटी लावावी, तसं होईल ते."

"भाऊजी, वाक्प्रचार आहे तो! डोळ्यांचं दुकान, डोळ्यांचा वाक्प्रचार. लोक काय शब्दशः घेणार आहेत?"

"आणि पुढे काय झालं त्या बाईंचं?"

"पुढे काय होणार? त्यांना चष्मा आवडला."

मथळ्यावर बोट दाबलं की आत 'चष्मा बदलण्याची सात कारणं, पाचवं ऐकून धक्का बसेल' असा लेख होता. चष्मेवाल्यांनी तो वाचला नाही. जाहिरातीबरोबरचा फोटोही त्यांनी पाहिला नाही. मेहुण्यांनी 'आहे कुठलासा' म्हणून सांगितलं आणि बटण दाबून ते मोकळे झाले. चष्मेवाल्यांनी मनाशी म्हटलं, चला, सुटलो. तोपर्यंत ती जाहिरात अण्णांकडे पोचलीही होती.

अण्णांनी नेहमीप्रमाणे काही उघडलं नाही. पण मथळा त्यांना लांबलचक वाटला. हल्ली लांब कोण वाचतं? म्हणून त्यांनी समाजसेवा म्हणून तो आटोपशीर केला आणि पुढे पाठवला: 'सावधान! आपल्या भागातील चष्म्याच्या दुकानात एका बाईंचे डोळे पांढरे झाले. फोटो सोबत. सर्वांना कळवा.'

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाहेर रांग होती. चष्मेवाल्यांना आनंदाने गहिवरून आलं. त्यांनी कुलूप काढलं, खुर्ची पुसली, तक्त्यावरचा दिवा लावला आणि पहिल्या माणसाला आत घेतलं.

"त्या बाई कुठे बसल्या होत्या?" त्या माणसाने विचारलं.

"कुठल्या बाई?"

"डोळे पांढरे झालेल्या. याच खुर्चीत का?" आणि तो खुर्चीचा फोटो काढून निघून गेला. चष्म्याचं नावही काढलं नाही.

त्याच्यामागे रांगेत असलेल्या बाई दोन वर्षांपूर्वी इथूनच चष्मा घेऊन गेल्या होत्या. त्या आल्या आणि खालची पापणी बोटाने ओढून उभ्या राहिल्या. "बघा हो, माझे पांढरे झालेत का?"

"बाई, डोळा पांढराच असतो. मधे काळा असतो."

"म्हणजे झालेत!"

"अहो, जन्मापासून आहेत!"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" बाईंचा आवाज चढला आणि त्यांनी चष्मा काउंटरवर आपटला. त्यानंतरच्या तीन माणसांना पाचवं कारण हवं होतं. लेखात चौथ्यानंतर एकदम सहावं आलं होतं. मेहुणे पाचवं लिहायला विसरले होते. आणि धक्का बसायचा होता तो नेमका पाचव्यानेच. लोक इरेला पेटले. फोनवर फोन सुरू झाले. "पाचवं काय ते सांगा, उगाच ताणू नका." चष्मेवाल्यांनी शेवटी वैतागून एकाला सांगितलं, "पाचवं कारण म्हणजे नंबर बदलणं." पलीकडून, "यात धक्का कसला?" आणि फोन आपटल्याचा आवाज. दिवसभरात दुकानात जितकी माणसं आली, तितकी अख्ख्या वर्षात आली नव्हती. आणि संध्याकाळी हिशेब केला तर विकला गेला तो चष्मा पुसायचा एक फडका. समोरच्या दुकानदाराने मात्र दुपारीच दारावर नवा कागद चिकटवला होता: 'आमच्याकडे काळे डोळे काळेच राहतात.'

एवढ्यावर निभावलं असतं तरी चष्मेवाल्यांनी देवाचे आभार मानले असते. पण संध्याकाळी बायको घरी आली ती चपला न काढताच समोर उभी राहिली.

"माझ्या डोळ्यांत बघा."

"का गं, काय झालं?"

"तेच मी विचारतेय. काय झालं? बसमध्ये एक म्हातारे गृहस्थ उठून मला जागा देतात. मी नको म्हटलं तर म्हणतात, 'असू दे, तुम्हाला दिसत नसेल.' पोस्टातली बाई माझा हात धरून मला रस्ता ओलांडून देते, मला तिकडे जायचंच नव्हतं! आणि साहेबांनी मला खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत बसवलं. 'दगदग नको,' म्हणाले. माझी खिडकी, अहो! सोळा वर्षांत एक खोटी नोट सुटली नाही माझ्या हातून!"

मग तिने फोटो दाखवला. गेल्या वर्षी सहलीला गेले असताना कावळ्याने तिच्या हातातला बिस्किटांचा पुडा पळवला होता, त्या क्षणाचा. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. डोळ्यांभोवती लाल वर्तुळ, आणि ज्यांना वर्तुळ दिसणार नाही त्यांच्यासाठी लाल बाण.

मेहुणे स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते. "ताई, पण किती लोकांपर्यंत पोचलं बघ ना," ते तिथूनच म्हणाले.

"चुलीत घाल तुझं पोचणं!" ती कडाडली. मग चष्मेवाल्यांकडे वळली. "आणि तुम्ही! जन्मभर खरं बोलल्याची मिजास मारता, आणि बायकोचं तोंड दुकानाबाहेर टांगलंत? मला विचारलंत तरी का?"

फोटो चष्मेवाल्यांनी पाहिला नव्हता हे खरं होतं, पण ते सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं, की ते आणखी लाजिरवाणं आहे. त्या रात्री त्यांच्या ताटात वाढलं गेलं, पण कुणी काही बोललं नाही.

चष्मेवाल्यांनी खुलासा लिहिला. 'कोणाचेही डोळे पांढरे झालेले नाहीत. तसदीबद्दल क्षमस्व.' त्याला एक अंगठा मिळाला, पुन्हा त्यांचाच. मेहुण्यांचं म्हणणं पडलं, की खुलाशातही उत्सुकता हवी. आणि चष्मेवाले अंघोळीला गेल्याची संधी साधून त्यांनी आपला खुलासा सोडून दिला: 'त्या बाईंच्या डोळ्यांबद्दल लपवलेलं सत्य!' आतापर्यंत लोकांना नुसता अपघात वाटत होता. आता त्यात लपवालपवीही आली.

लपवालपवी म्हटल्यावर आरोग्य खात्याचा माणूस आला. काखेत फाइल, चेहऱ्यावर कर्तव्य. त्याने दुकानाची लांबी-रुंदी मोजली, आरशाचा वास घेतला आणि म्हणाला, "बाधित व्यक्तीला कार्यालयात हजर करा. नाहीतर दुकान सील होईल."

बाधित व्यक्ती बँकेतून सुट्टी काढून कार्यालयात हजर झाली. "बाधित तुम्हीच का?" कारकुनाने वर न बघता विचारलं.

"मला काहीही झालेलं नाही."

"मग बाधित कोण?"

"कुणीच नाही!"

"कुणीच नाही, असं लिहायला जागा नाही इथे," कारकून शांतपणे म्हणाला. "डोळा गेल्याचा दाखला मिळतो. डोळा असल्याचा आम्ही देत नाही." तिला या मेजावरून त्या मेजावर, तिथून सरकारी डॉक्टरांकडे, डॉक्टर जेवायला गेलेले म्हणून बाहेरच्या बाकावर, असं करता करता दोन खेपा पडल्या. शेवटी डॉक्टरांनी कीव येऊन शिक्का मारून दिला: 'दोन्ही डोळे जागच्या जागी असून रंग नेहमीप्रमाणे.' दुकान वाचलं. बँकेत साहेबांनी तो दाखला उजेडात धरून वाचला आणि तिला तिची खिडकी परत दिली.

पण इमारतीचं काय? इमारतीत अजूनही ती जिन्यातून चालली की लोक भिंतीला चिकटून वाट करून द्यायचे. "रविवारी सोसायटीची मीटिंग आहे," तिने घरी जाहीर केलं. "हा दाखला अण्णांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, आणि माझी माफी मागायची. मागतील कसे नाहीत तेच बघते." चष्मेवाल्यांशी ती तेव्हापासून पुन्हा थोडंथोडं बोलायला लागली. त्यांना केवढा आधार वाटला म्हणून सांगू.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा दुकानात आले. चष्मेवाल्यांनी मुद्दाम थंडपणे 'या' म्हटलं. अण्णांच्या ते ध्यानातही आलं नाही.

"चष्मेवाले, माझा नंबर वाढला वाटतं. सकाळपासून डावीकडे काजवे चमकताहेत. काळे ठिपके नाचताहेत. आणि दुपारपासून बघा, कोपऱ्यातून कुणी पडदा ओढतंय, असं वाटतं. काच बदलून टाका एकदा."

चष्मेवाल्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी अण्णांचा उजवा डोळा झाकला, बोट या बाजूने, त्या बाजूने नेलं. एका बाजूने बोट आलेलं अण्णांना दिसलंच नाही.

"अण्णा," ते म्हणाले. "काच बदलून होण्यातलं हे नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. डोळ्याच्या मागचा पडदा सुटत असावा. मी डॉक्टर नाही. माझं चुकलं तर तुमची एक चक्कर वाया जाईल. पण बरोबर असलं आणि तुम्ही उद्यावर टाकलंत, तर डोळा जाईल."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग खो खो हसत सुटले. "वा, चष्मेवाले! आता मलाही का? 'अण्णांच्या डोळ्यात काजवे चमकले आणि पुढे जे झालं ते…' छान चाललंय तुमचं! मेहुण्यांनी शिकवलं ना?"

"अण्णा, मी शपथेवर सांगतो…"

"त्या सात कारणांतलं पाचवं हेच का हो?" अण्णांनी डोळे पुसले, काउंटर चाचपडत दार शोधलं आणि ते हसत हसत निघून गेले. पायरी त्यांना दिसली नाही. ती त्यांनी पायाने शोधली.

चष्मेवाले आपल्याच खुर्चीत बसले. मान-अपमान त्यांना नवा नव्हता. समोरच्याचा तो कागदही त्यांनी पचवला होता. पण आजवर त्यांच्याजवळ चष्म्यापेक्षा मोलाची एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे त्यांचा शब्द. 'लागत नाही' म्हटलं की लोक निमूट निघून जायचे, आणि म्हणूनच 'लागतो' म्हटलं की विश्वास ठेवायचे. सिनेमावाल्याने खुशाल खड्डे खणावेत, हलवायाने खणावेत. आत काही नसलं तर माणूस चार शिव्या देईल आणि विसरेल. पण ज्याच्या तोंडून एखाद्या दिवशी 'आत्ता जा' ऐकायची वेळ येणार, त्याने हा खेळ खेळू नये. हे त्यांना कळलं खरं, पण अण्णांचा डोळा त्यामुळे जागेवर बसणार नव्हता. त्यांना रडू आलं.

बँकेतून परतताना बायको दुकानात डोकावली, तेव्हा ते तसेच बसलेले. तिने सगळं ऐकून घेतलं. पर्समध्ये तो शिक्क्याचा दाखला होता. तो तिने काढला, वाचला, पुन्हा घडी घातली.

"तुमचं ते ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "घरच्यांनी सांगितलं तरी ऐकणार नाहीत. ते कशावर विश्वास ठेवतात?"

"पुढे पाठवलेल्या गोष्टींवर."

"हं," ती म्हणाली. तिने काचेच्या कपाटातून सगळ्यात मोठा, सगळ्यात काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "चला. आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

अण्णांच्या दाराशी ती भिंत चाचपडत उभी राहिली. दार उघडून अण्णा बघतच राहिले.

"अण्णा, मी हे कुणाला सांगणार नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुम्ही पाठवलं होतं ते खरं होतं."

अण्णांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी विजय आणि भीती उमटली. "मी म्हटलंच होतं!"

"आधी काजवे चमकायचे. मग काळे ठिपके. मग कोपऱ्यातून पडदा ओढल्यासारखं. हे म्हणाले, ताबडतोब दवाखान्यात चल. मी म्हटलं, काहीतरीच तुमचं. आणि मग…" ती थांबली.

"मग?" अण्णा पुढे वाकले. "मग काय झालं, वहिनी?"

"नका विचारू, अण्णा."

"जरा चष्मा काढता? बघू तरी."

"नको!" ती दोन पावलं मागे सरकली. "बघितलंत तर तुमचे…" आणि तिने वाक्य तिथेच सोडलं.

चष्मेवाले मागे जिन्यात उभे होते. एवढा खोल खड्डा मेहुण्यांना जन्मात खणता आला नसता. अण्णांनी पायात चपला सरकवल्या, एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात सुनेची, आणि आपल्या मुलाला हाक मारली, "अरे, रिक्षा बघ! लवकर!"

डॉक्टरांनी त्यांना लगेच आत घेतलं. डोळा वाचला. "आज आलात ते फार बरं केलंत," डॉक्टर म्हणाले, एवढंच. बातमी कळली तेव्हा चष्मेवाल्यांनी बायकोचा हात घट्ट धरला, आणि तिने सोडवून घेतला नाही.

रविवारी मीटिंग झाली. डोळ्यावर पट्टी बांधलेले अण्णा मुलाचा खांदा धरून मुद्दाम आले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. "ज्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतील त्याने दुसऱ्या कुणाला विचारू नये, सरळ चष्मेवाल्यांकडे जावं," त्यांनी सांगितलं. "त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं. मी हसलो. पण वहिनींनी स्वतःचं झाकून न ठेवता मला सांगितलं, म्हणून मी वाचलो." सगळ्यांनी माना वळवून तिच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं. दाखला तिच्या पर्समध्येच होता. पर्सच्या बंदावर तिचा हात गेला, क्षणभर थांबला आणि परत मांडीवर आला. आता तो वाचून दाखवला असता तर अण्णांना सगळीच थाप वाटून त्यांनी डोळ्यात थेंबही टाकायचे सोडले असते. शिवाय मीटिंगमधल्या दोन म्हाताऱ्या आजच डोळे दाखवायला निघाल्या होत्या.

सोमवारी ती बँकेतून सरळ दुकानात आली आणि खुर्चीत बसली. "कपाटातला तो नाकावर रुततो," ती म्हणाली. "आता जिन्यात तरी रोजच घालावा लागणार. मला मापाचा एक करून द्या."

चष्मेवाल्यांनी सवयीने तक्त्यावरचा दिवा लावला. तिने वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं वाचली, आणि तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या टाइपात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. ते नाव चष्मेवाल्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. त्यांच्या तोंडाशी आपोआप तेच शब्द आले: "तुला चष्मा…"

"काय?"

दाराबाहेर त्यांची ती पाटी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी पट्टी घेतली आणि ते तिच्या नाकाचं माप घ्यायला लागले.

"लागतो," ते म्हणाले.

"नंबर किती?"

"शून्य," चष्मेवाले म्हणाले, आणि आपलाच चष्मा काढून फडक्याने पुसू लागले.